पोहायला रोल कशाला? आणि पाण्यातले बाकीचे प्रश्न

पावसाळा लागला की डीएम लोकांना काय होतं कुणास ठाऊक, जो तो आपली पार्टी उचलून नदीत टाकतो. या वेळी पत्रंही सगळी पाण्याचीच आलीत, तेव्हा एकत्रच घेते. ज्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारखे हे खेळ नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची, एक जण डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीच्यांचं आपापलं कॅरेक्टर, ही सगळी मिळून पार्टी, सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे टर्न झाली की एक राउंड, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही हे सांगता येत नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि डीएमने ठरवलेला आकडा, म्हणजे डीसी, गाठला की जमलं.

प्रश्न: ताई, आमचा ग्रुप बडोद्यात रावपुऱ्यात रविवारी बसतो, डी अँड डी फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं. पार्टी नदी ओलांडत होती, ६० फूट रुंद, पाण्याला ओढ होती म्हणून मी दर राउंडला अॅथलेटिक्सचा (पोहणं-चढणं याचं स्किल) रोल मागितला, डीसी १५. आमच्या फायटरच्या अंगावर प्लेट आर्मर होतं. पहिला रोल जमला, दुसऱ्याला फाशावर ४ पडले, मी म्हणालो बुडालास. तो चिडला, म्हणे चिलखत घालून पोहण्याचा असा नियमच नाहीये, आणि सेव उसळ अर्धी टाकून घरी गेला. आता येतच नाही. माझं काय चुकलं?
– एक डीएम, रावपुरा

उत्तर: नियमाने बघायला गेलं तर तुमचा फायटर बरोबर आहे दादा, सेव उसळ अर्धी टाकून जाण्याइतका बरोबर आहे. २०१४ च्या पुस्तकात साधं पोहायला मुळात रोलच नाही. पाण्यात प्रत्येक फुटाला एक फूट जास्तीचा मोजायचा, म्हणजे जमिनीवर ३० फूट जाणारा माणूस पाण्यात १५ फूट जातो, डॅश, म्हणजे मारामारी सोडून नुसतं पळायचं, घेतला तर ३०, संपलं. संथ नदी असती तर तुमचे ६० फूट चार राउंडमध्ये पार, डॅश मारत गेलं तर दोनच, आणि फाशाला हातही लावायचा नाही. रोल केव्हा, तर पाणी खवळलेलं असेल, ओढ असेल, दाट शेवाळात पाय गुंतत असतील किंवा कुणी खाली खेचत असेल तेव्हा, आणि तोही डीएमला वाटलं तर. तुमच्या नदीला ओढ होती, म्हणजे रोल मागणं ठीकच. पण प्लेटचं म्हणाल तर हेवी आर्मरमुळे लपतछपत जायच्या रोलला डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा) लागतो, स्ट्रेंथ म्हणजे ताकदीचा आकडा १५ च्या खाली असेल तर स्पीड १० फुटांनी कमी होतो, पोहण्याबद्दल एक अक्षर नाही. ६५ पाउंडाचं लोखंड अंगावर घेऊन माणूस खुशाल पोहतो. हसायला येतं खरं, पण छापलंय तसं.

आता जिथे खरी गडबड झाली ते बघा. समजा तुमचा फायटर थर्ड लेव्हलचा आहे, स्ट्रेंथ १६, अॅथलेटिक्स घेतलेलं, म्हणजे बोनस ५. डीसी १५ ला फाशावर १० किंवा वर पडले पाहिजेत, ते शंभरात ५५ वेळा पडतात. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही हाच रोल राउंडमागून राउंड मागत होतात, नदी पार व्हायला चार वेळा सलग जमायला हवं होतं, आणि ५५ टक्क्यांचं काम सलग चार वेळा जमणं म्हणजे शंभरात जेमतेम ९ वेळा. म्हणजे पार्टीतला जो पट्टीचा पोहणारा, त्यालाच तुमची नदी शंभरातल्या ९१ वेळा गिळणार होती, मग काठीवर कपडे वाळत घातल्यासारख्या तुमच्या विझार्डचं काय झालं असतं ते विचारायलाच नको. एकदा रोल मागणं आणि दर राउंडला मागणं यात इतका फरक पडतो आणि बहुतेक डीएम तो कागदावर मांडून बघतच नाहीत, डीसी १५ म्हणजे मध्यम असं पुस्तकात लिहिलंय ना, मग झालं.

दुसरं म्हणजे एका रोलवर कुणी बुडत नाही. डोकं पाण्याखाली गेलं तरी दम असतो, कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे चिवटपणाचा आकडा, १४ असेल तर तीन मिनिटं, एक राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे ३० राउंड. तीस! एवढ्यात आमच्याकडे दोन लढाया उरकतात.

मी टेबलावर असं करते. मॅटवर निळ्या मार्करने नदी काढते, बाजूला बाण काढून लिहिते १५ फूट, ती पाण्याची ओढ. रोल जमला तर कॅरेक्टर आपलं अंतर पुढे. नाही जमला तर पुढे जायचं नाही आणि मिनी, म्हणजे कॅरेक्टरची छोटी बाहुली, उचलून बाणाच्या दिशेने १५ फूट खाली सरकवायची. पाच किंवा जास्तने हुकला तर गटांगळी, आणि तिथे प्लेयरला विचारायचं, बोल, ढाल सोडतोस का पाठीवरची बॅग, का काहीच सोडत नाहीस आणि पुढचा राउंड पाण्याखालीच काढतोस. हे पाचचं गणित माझं नाही, याच खेळाच्या जुन्या थ्री पॉइंट फाइव्ह एडिशनमधून उचललंय. यात कुणी मरत नाही पण ढाल वाहून गेली की टेबलावर जो आरडाओरडा होतो तो बघण्यासारखा असतो, शिवाय पार्टी काठावर दोन-तीन ठिकाणी विखुरते, म्हणजे पुढच्या झाडीत गॉब्लिन बसलेत ते काम आपोआप झालं. कुणी आधीच दोर बांधला आणि काठावर एकाने टोक धरलं तर ती मदत धरायची, अॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून जास्त पडलेला धरायचा, द्यायचा, तुमच्या फायटरचे ५५ चे जवळजवळ ८० होतात. दोर घेऊन फिरणाऱ्या प्लेयरला कधीतरी त्याचं फळ मिळू दे की.

प्लेटचा त्रास दाखवायचाच असेल तर डिसअॅडव्हांटेज द्या, ५५ चे ३० होतात, पण हे नदीत उतरायच्या आधी सांगायचं, पाणी छातीशी आल्यावर नाही. आणि तो म्हणेल काढतो मग चिलखत, तर हेवी आर्मर काढायला पाच मिनिटं लागतात, त्याचा दम तीन मिनिटांचा. म्हणजे निर्णय काठावरच. तसा द्या त्याला निर्णय घ्यायला, मजा त्यातच आहे.

त्या फायटरला फोन करा आज. सांगा की तो खालच्या वळणावर काठाला लागलाय, ढाल गेलीय, आणि सेव उसळ तुमच्याकडून.

प्रश्न: माझा मामेभाऊ अजून थ्री पॉइंट फाइव्ह धरून बसलाय, म्हणतो तुमची नवी एडिशन लहान मुलांची, आमच्यात चिलखत घालून पाण्यात पडला तो गेलाच. खरंच इतकं कडक होतं का?
– दांडिया बाजार

उत्तर: होतं. मामेभावाला माझा नमस्कार सांगा, असे लोक आता फार उरले नाहीत. २००३ च्या त्या पुस्तकांत स्विम हे वेगळं स्किलच होतं, संथ पाण्याला डीसी १०, खळबळत्या पाण्याला १५, वादळी पाण्याला २०, आणि आर्मरचा जो काही दंड असेल तो पोहताना दुप्पट. करून बघा: फर्स्ट लेव्हल फायटर, स्ट्रेंथ १६ चे ३, स्विममध्ये ४ रँक टाकलेत, झाले ७. फुल प्लेटचा दंड ६ चा १२ झाला, मोठ्या लोखंडी ढालीचा २ चा ४ झाला, एकूण १६ वजा. उरले उणे ९. म्हणजे तळ्यासारख्या संथ पाण्यात सुद्धा फाशावर १९ किंवा २० हवेत, आणि खळबळत्या पाण्यात २४ हवेत, जे वीस बाजूंच्या फाशावर नसतातच. स्किलला २० पडले म्हणून आपोआप पास असलंही काही नव्हतं त्यात. ४ किंवा कमीने हुकला तर जागच्या जागी, ५ किंवा जास्तने हुकला तर पाण्याखाली.

पण एवढं कडक असून त्यांच्या घरातच एकवाक्यता नव्हती. पाण्याखाली दम किती, तर स्विम स्किलच्या नियमात कॉन्स्टिट्यूशनच्या आकड्याइतके राउंड, आणि बुडण्याच्या नियमात त्याच्या दुप्पट. मामेभावाला हे विचारा, मग चहा घेऊन आरामात बसा.

प्रश्न: ताई, याच एडिशनमध्ये म्हणे मरायला टेकलेल्या माणसाचं डोकं बादलीत बुडवलं की तो बरा होतो?
– तोच मामेभाऊ

उत्तर: अहो, तुम्हीही लिहिलंत! होय, नियम शब्दशः वाचला तर होतो. बुडायला लागलेला पहिल्या राउंडला शून्य हिट पॉइंटवर (जीव किती उरलाय त्याचा आकडा) येतो असं लिहिलंय, कुठून येतो ते लिहिलेलं नाही, म्हणून उणे ८ वर असलेला वर चढून शून्यावर येतो. आणि पुढच्याच राउंडला उणे १, त्याच्या पुढच्याला खलास, आणि मधेच डोकं बाहेर काढलं तर बुडणं थांबतं हेही कुठे नीट लिहिलेलं नाही, म्हणजे औषध म्हणूनही वाईटच. माझ्या टेबलावर बादलीत फक्त पाणी असतं.

प्रश्न: मी १५ वर्षांचा आहे, शाळेतल्या मित्रांचा डीएम आहे. आमच्याकडे २०२४ चं नवीन पुस्तक आहे पण यूट्यूबवर सगळे जुना नियम सांगतात. पाण्याखाली दम संपला की काय होतं?
– मांजलपूर

उत्तर: दम धरायचं दोन्हीकडे सारखंच आहे बघ, एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (त्या आकड्यामुळे मिळणारा बोनस) तितकी मिनिटं, कितीही कमी असला तरी निदान ३० सेकंद. फरक त्याच्या पुढे आहे. जुन्यात दम संपल्यावर मॉडिफायर असेल तितके राउंड, निदान एक, तू ठीक असतोस, लढतोयस, बोलायचं सोडून सगळं करतोयस, आणि मग एकदम शून्य हिट पॉइंट, आणि हवा मिळेपर्यंत कुणी हिट पॉइंट परत देऊ शकत नाही. नव्यात दम संपला की तुझ्या प्रत्येक टर्नच्या शेवटी एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक लेव्हल चढते, प्रत्येक लेव्हलला वीस बाजूंच्या फाशाच्या सगळ्या रोलमधून २ वजा, स्पीडमधून ५ फूट वजा, आणि सहावी लेव्हल म्हणजे मरण. हवा मिळाली की या गुदमरण्याच्या लेव्हल सगळ्या उतरतात.

मला नवीन जास्त आवडतं. जुन्यात प्लेयर शेवटच्या क्षणापर्यंत ठणठणीत, नव्यात त्याला दिसतं ना की आपण मंद होत चाललोय, हात उचलत नाहीयेत. तू असं कर, एक्झॉशनला छोटे मणी ठेव प्लेयरच्या समोर, टर्न संपला की एक मणी सरकवायचा आणि काही बोलायचं नाही. चौथ्या मण्याला सगळे मित्र त्याला वर खेचायला धावतील, बघ तू.

प्रश्न: मी स्वतः लालबागच्या पूलमध्ये लहानपणापासून पोहते, आणि पोहण्यात ताकदीपेक्षा दम लागतो हे कुणीही पोहणारा सांगेल. मग माझ्या विझार्डची स्ट्रेंथ ८ आहे म्हणून ती कायम बुडायचीच का?
– कारेलीबाग

उत्तर: पहिलं म्हणजे पूलसारख्या पाण्यात तिला रोलच नको, फिफ्थ एडिशनमध्ये पोहता सगळ्यांनाच येतं, वर लिहिलंय तसं. दुसरं, तुमचा मुद्दा पुस्तकालाही पटलेला आहे. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये एक पर्यायी नियम आहे की स्किलला नेहमीची अॅबिलिटी न लावता दुसरी लावायची, आणि तिथलं उदाहरणच पोहण्याचं आहे: बेटावरून किनाऱ्यापर्यंत लांब पोहत जायचंय, तर स्ट्रेंथ सोडून कॉन्स्टिट्यूशनचा रोल घ्या आणि अॅथलेटिक्स येत असेल तर त्याचा बोनस धरा. म्हणजे भोवऱ्यातून अंग सोडवून घ्यायचंय तर स्ट्रेंथ, तास-दोन तास हात मारायचेत तर कॉन्स्टिट्यूशन. गर्प्स म्हणून दुसरा एक खेळ आहे, त्याच्या चौथ्या एडिशनमध्ये तर पोहणं थेट हेल्थवरच बसवलंय. लांबच्या पोहण्याला डीएम गाइडमध्येही आहे, दर तासाला डीसी १० ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे संकट टाळायचा रोल, हुकली तर एक एक्झॉशन.

डीएमला उदाहरणाचं पान दाखवा, पण सेशनच्या आधी, मधे नाही. आणि तुम्हाला पोहता येतं हे कारण मात्र सांगू नका हं, कारण मग तुमच्या शेजारचा म्हणेल मी आखाड्यात जातो, माझ्या बार्डला कुस्तीत बोनस द्या.

प्रश्न: बडोद्यातच घडणारी कॅम्पेन करतोय, आजपासून शंभरेक वर्षांनंतरचं बुडालेलं शहर. विश्वामित्री नदीत मगर घातल्याशिवाय बडोदा वाटणारच नाही. पण मगरीने ओढून नेलं की पोहण्याचा रोल, सुटण्याचा रोल, दम, सगळं एकदम येतं आणि माझा गोंधळ होतो. आधी काय?
– सयाजीगंज

उत्तर: वा, हा खरा आपल्या गावचा प्रश्न. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, त्यामुळे शंभर वर्षं कशाला थांबायचं, पण तुमची कॅम्पेन तुम्हाला माहीत.

२०१४ च्या पुस्तकातली मगर घ्या. हिट पॉइंट १९, एसी (तिला मार लागायला गाठायचा आकडा) १२, पाण्यात ३० फूट, १५ मिनिटं दम. चावली तर १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) अधिक २ इतकं डॅमेज, आणि चावली की धरलंच, सुटायला डीसी १२, तोवर माणूस रिस्ट्रेन्ड, म्हणजे जखडलेला, आणि तोंडात एक असेपर्यंत ती दुसऱ्याला चावू शकत नाही. पोहण्याचा रोल इथे विसरूनच जा, धरलेल्याचा स्पीड शून्य आहे, तो पोहत नाहीये, त्याला नेलं जातंय. त्याच्याकडे एकच प्रश्न, सुटायचं का मारायचं. सुटायला अख्खी अॅक्शन जाते आणि अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्स यातलं काहीही चालतं, हे प्लेयर नेहमी विसरतात. स्ट्रेंथ ८ वाल्याला अॅथलेटिक्सने १३ लागतील, शंभरात ४०, तोच डेक्स्टेरिटी (चपळाई) १४ असेल तर अॅक्रोबॅटिक्सने १० पुरतात, शंभरात ५५. आठवण करून द्या, तेवढा डीएम चांगला असावा.

दमाची काळजी इथे बिनकामाची आहे. मगर सरासरी ७ नी चावते, फर्स्ट लेव्हलचा विझार्ड दोन चाव्यांत आडवा, म्हणजे १२ सेकंद, तीन मिनिटांचा दम घेऊन काय करणार? खरी भीती आहे ती लांब जाण्याची. माणसाएवढ्या कुणाला धरून नेताना मगरीचा स्पीड अर्धा, म्हणजे राउंडला १५ फूट. मित्र पाण्यात उतरले तर साध्या चालीने तेही १५, अंतर तेवढंच राहणार, आणि डॅश मारला तर गाठतील पण त्या राउंडला मारता येणार नाही. ही जी ओढाताण आहे ना, ती चालवा, बाकी फासे कमी करा. आणि हत्यारांचं लक्षात ठेवा, पाण्याखाली लांब तलवार, कुऱ्हाड याला डिसअॅडव्हांटेज, पण डॅगर, भाला, त्रिशूळ, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड यांना नाही. मगरीच्या तोंडात आहे त्याला मात्र डॅगर असला तरी डिसअॅडव्हांटेजच, तो पाण्यामुळे नाही, रिस्ट्रेन्ड आहे म्हणून. फायरबॉलवाला असेल त्याला आधीच सांगा की पूर्ण पाण्यात असलेल्याला आगीचं डॅमेज अर्धंच लागतं, मगरीला पण आणि मित्राला पण.

एक मगर पुरे बरं का. दोन घातल्या की पार्टी पुढच्या सेशनला दुसऱ्या शहरात जाते.

प्रश्न: कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ, १९२० च्या दशकातलं सयाजीराव महाराजांच्या वेळचं बडोदं. आमचा प्रोफेसर नवलखी वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पडला. स्विम २० टक्के. मरणार का?
– अलकापुरी

उत्तर: २० म्हणजे ज्याने पोहण्यावर एकही पॉइंट टाकला नाही असा माणूस, तिथून सगळेच सुरू करतात. शंभराच्या फाशावर २० किंवा खाली, हुकलं तर रोल पुश करता, म्हणजे पुन्हा टाकता, येतो पण तो मागताना आधी सांगायला लागतं की आता वेगळं काय करतोय, आणि पुन्हा हुकलं तर जे होईल ते पहिल्यापेक्षा वाईट. पण दादा, वाव आहे ती, पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, प्रोफेसर दोन हात मारून पायरी धरेल. तळाशी त्याला काही खेचत नसेल तर रोल नको. खेचत असेल, आणि तुमचा गेम बघता असेलच, तर मग पोहण्याचा रोल मागायच्या आधी सॅनिटीचा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं का याचा, मागा.

प्रश्न: पाथफाइंडर सेकंड एडिशन, डी अँड डीसारखाच दुसरा खेळ, तिथे डीएमला जीएम म्हणतात. पाणी अगदी शांत होतं, रोल लागत नाही हे मी स्वतः वाचलंय, तरी जीएमने माझ्या रेंजरला १० फूट खाली पाठवलं. अन्याय आहे की नाही?
– गोत्री

उत्तर: नाहीये. शांत पाण्यात रोल लागत नाही, अॅक्शन लागते. टर्न संपेपर्यंत स्विमची एकही अॅक्शन जमलेली नसेल तर माणूस १० फूट खाली जातो किंवा प्रवाहाबरोबर वाहतो, यातलं काय ते जीएम ठरवतो. तुम्ही तीनही अॅक्शन बाण मारण्यात घालवल्या असणार, रेंजर लोकांचं असंच असतं. एकच सूट आहे, त्या टर्नची शेवटची अॅक्शन पाण्यात उतरण्याचीच असेल तर त्या टर्नला खाली जात नाही. तसं झालं असेल तर जीएमला दाखवा आणि १० फूट परत मागा. नसेल तर पुढच्या वेळी दोन बाण मारा आणि तिसरी अॅक्शन पाण्याला द्या.